पर्यायात नसलेले सत्तावीस

आमच्या फाट्यावर चहाची एक टपरी आहे. मोर्शी-तिवसा भागातल्या कुठल्याही फाट्यावर असते तशीच: एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, मध्ये दोन बाकडी. गेल्या आठवड्यात तिथे कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर ते चित्र आले. चार उभी, चार आडवी घरे पाडलेला एक चौरस. त्याच्या मधल्या रेघेवर, एक वरच्या बाजूला नि एक खालच्या, असे आणखी दोन छोटे चौरस चढवलेले. वर ठळक अक्षरात: ‘यात चौरस किती? ९९ टक्के लोक चुकतात!’

पहिले उत्तर चहा कपात पडायच्या आत आले. “सोळा.” दुसऱ्याने मोठा धरून सतरा केले. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा म्हणाला, “तीस. फॉर्म्युला आहे याचा, काकाजी.” एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काकाजी, ज्यांनी उभी हयात भरल्या गाडीतली डोकी मोजण्यात घालवली, त्यांनी “चोवीस, लिहून घ्या” म्हणून सांगितले. आणि एकाने मोबाइल हातात न घेताच चाळीस म्हटले. त्याला ते चित्र दोन वर्षांआधी येऊन गेले होते.

मग जी जुंपली ती जुंपली. “काऊन बे, मोजून तं पाह्य!” “मोजूनच सांगून राहिलो ना!” पंधरा मिनिटे आकडे इकडून तिकडे फेकले गेले, पण ‘तू मोजलं कसं?’ एवढा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. मी बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवले. तरी मीही विचारला नाही, कारण मनातल्या मनात मीसुद्धा तीसवर येऊन थांबलो होतो आणि कुणी आपल्याला विचारू नये अशी प्रार्थना करत होतो.

माझे म्हणणे असे आहे की या कोड्यांत ‘किती’ हा प्रश्न दुय्यम आहे. आधी ‘एक’ कशाला म्हणायचे ते ठरवावे, मग कोणत्या क्रमाने मोजायचे ते, आणि आकडा शेवटी सांगावा. आपण नेमके उलटे करतो. आणि हे फक्त टपरीवर होत असते तर मी लेख लिहायला बसलो नसतो.

आधी त्या ९९ टक्क्यांचा समाचार घेऊ. किती जणांना चित्र दाखवले, त्यातले किती चुकले, हे कुणी मोजले? मोजणीच्या कोड्याच्या डोक्यावर बसवलेला आकडाच न मोजता बसवलेला आहे. तो आपल्याला डिवचायला असतो. उरलेल्या एका टक्क्यात आपण आहोत हे दाखवायची घाई सुटते, आणि घाईत माणूस पहिले जे दिसेल ते बोलून मोकळा होतो. चित्र पाठवणाऱ्याला बरोबर उत्तराशी देणेघेणे नसते. सगळे एकमताने चाळीस म्हणाले तर भांडण कसे होणार, आणि भांडण नाही तर ते पुढे ढकलणार कोण?

यात डोळ्याला दोष देऊन उपयोग नाही. विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली एक साधा प्रयोग छापला. घेवड्याचे काळे दाणे मुठीने उचलायचे, एका डबीवर फेकायचे, डबीत पडले त्यांच्याकडे एकदाच बघून आकडा बोलायचा आणि मग ते मोजायचे. हजाराहून जास्त वेळा त्याने हे केले. तीन-चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि दाणे वाढले तशा वाढत गेल्या. म्हणजे चारपर्यंत डोळ्याला दिसते, पुढे तो अंदाज ठोकतो. आपल्या जुन्या माणसांना हे कुणी सांगावे लागले नाही. पंगतीच्या पत्रावळी ते पाच-पाचच्या थप्प्या लावून मोजत. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून सुरुवात करत, आणि मध्येच कुणी बोलले की हातातले माप तसेच धरून थांबत. डोळ्यावर विश्वास नाही म्हणून हाताला नि जिभेला कामाला लावायचे, ही ती पद्धत.

टपरीवरच्या भांडणात एकच जण गप्प होती. टपरीवाल्याची सहावीतली मुलगी. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते चित्र उतरवून घेतले आणि एका घराचे चौरस सोळा, मोठा एक, असे लिहून ठेवले. चार घरांच्या चौरसांत ती अडकली. एकदा आठ आले, एकदा नऊ, एकदा दहा. “गुरुजी, मोजलेला कोणता हे ध्यानातच राहत नाही,” म्हणाली. दुखणे नेमके हेच. काही सुटतात, काही दोनदा धरले जातात, आणि दोन्ही चुका मिळून कधी कधी उत्तर बरोबरही येते, ते अजून वाईट.

मी तिला एवढेच विचारले, “चौरस लहान असो की मोठा, त्याला डावीकडचा वरचा कोपरा किती?” “एकच.” “मग त्या कोपऱ्याला धर.” पुढे मला काही सांगावे लागले नाही. प्रत्येक घराच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिथून किती चौरस निघतात ते ती घरात लिहीत गेली. पहिल्या ओळीत ४, ३, २, १. दुसरीत ३, ३, २, १. तिसरीत २, २, २, १. शेवटची सगळी १. बेरीज तीस. मग वर चढवलेल्या छोट्या चौरसांकडे वळली. त्या प्रत्येकाचे रेघांनी चार तुकडे केलेले, म्हणजे चार नि तो स्वतः मिळून पाच. दोनांचे दहा. चाळीस.

हे पाहताना मला आमच्या लहानपणीचा गायकी आठवला. त्याला विसाच्या पुढे मोजता येत नसे आणि गावाची शे-सव्वाशे जनावरे तो चारायला नेत असे. संध्याकाळी आखरावर उभा राहून तो आकडा नाही, घरे म्हणायचा. पाटलाची आली, तेल्याची आली, शाळेमागच्या बुढीची कालवड नाही आली. एका जनावराला एकच घर. मोजणीचे सगळे शास्त्र त्या माणसाच्या तोंडी होते आणि आम्ही शिकलेले लोक त्याला अडाणी म्हणत होतो.

आता टपरीवरच्या दोघांकडे परत. तीसवाल्या पोराचा फॉर्म्युला खोटा नव्हता. साध्या चार बाय चारच्या जाळीत चौरस तीसच असतात. त्याने चित्र नीट पाहिले नाही, एवढेच. चाळीसवाल्याने तर चित्र पाहिलेच नाही. माझ्या हातात असते तर मी तीसवाल्याला जास्त गुण दिले असते. तो चाळीसपासून एका प्रश्नाच्या अंतरावर होता: ‘हे मधले दोन कुठे धरले?’ चाळीसवाल्याला उद्या पाच बाय पाचची जाळी आली तर तो पुन्हा व्हॉट्सॲपची वाट पाहील.

पण परीक्षेत गुण मिळतात चाळीसवाल्याला. इथे माझ्यावरच बोट येते, म्हणून सांगून टाकतो.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आणि नवोदयच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीत असल्या आकृत्या आम्ही शेकड्याने सोडवून घ्यायचो. तयारीच्या पुस्तकांत त्यासाठी युक्त्या असतात: तुकड्यांना क्रमांक द्या, क्रमांकांची बेरीज करा, झाले. एका त्रिकोणाच्या शेंड्यातून पायावर रेघा टाकून चार तुकडे केले तर एक, दोन, तीन, चारची बेरीज दहा, त्रिकोण दहा. अगदी बरोबर. का बरोबर, हे मात्र पोरांना सांगायला आम्हाला वेळ नसे. पायावर पाच बिंदू आहेत आणि त्यातले कोणतेही दोन निवडले की एक त्रिकोण होतो. पारावर पाच जण आले आणि प्रत्येकाने प्रत्येकाला एकदाच राम-राम घातला तर जेवढे राम-राम, तेवढे त्रिकोण. हे एकदा समजले की युक्ती पाठ करावी लागत नाही. आम्ही युक्ती पाठ करून घेतली.

एका वर्षी सरावाच्या पुस्तकात मोठा त्रिकोण होता, प्रत्येक बाजूचे चार भाग करून आत तिरप्या-आडव्या रेघा टाकलेला. उत्तर छापले होते २६. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “सर, सत्तावीस येऊन राहिले.” मी वही न बघताच म्हटले, “पर्यायात सत्तावीस आहे का?” “नाही.” “मग बस खाली.” तो बसला. घरी येऊन जेवताना काय वाटले कोण जाणे, ताटाशेजारी कागद ओढला. एका तुकड्याचे सोळा. चार तुकड्यांचे उभे सहा. नऊ तुकड्यांचे तीन. अख्खा एक. झाले सव्वीस. मग दिसला तो मधला, उलटा, शेंडा खाली केलेला, चार तुकड्यांचाच. सत्तावीस. पुस्तकवाल्याने चार तुकड्यांचे फक्त सरळ त्रिकोण मोजले होते आणि पोराने उलटाही पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले की पुस्तक चुकले. मी चुकलो हे सांगितले नाही. त्या पोराने त्यानंतर वर्गात माझ्या उत्तराला कधी हात वर केला नाही, आणि त्याचे खापर मी कोणत्याही पुस्तकावर फोडू शकत नाही.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धी मोजायची पहिली चाचणी केली, ती शाळेत कोणत्या पोराला जास्तीची मदत लागेल हे ओळखायला. आमच्या हाती ती आली तेव्हा तिची चाळणी झाली. चाळणीला भोक किती मोठे एवढेच कळते.

यावर लोक म्हणतात, आणि खरेच म्हणतात, की मुरलेल्या माणसाला मोजावे लागत नाही, त्याचा अंदाजच पक्का असतो. आमच्या भागात संत्र्याचा बगीचा गुत्त्याने जातो, म्हणजे फळ झाडावर असतानाच ठोक विकला जातो. व्यापारी येतो, ओळींतून फिरतो, झाडाकडे मान वर करून बघतो, हजारांत आकडा सांगतो, इसार ठेवतो. या लोकांची नजर खरेच तयार असते, मी ती कमी लेखत नाही. पण नजर कुठे फिरली हे विचारायला नको?

मागे एका आंबिया बहराला माझ्या दोनशे दहा झाडांचा एका व्यापाऱ्याने पन्नास हजार फळांचा अंदाज सांगितला. तो धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, ओळीतून फिरला होता. धुऱ्यावर बाभळींची सावली आहे, तिथे फळ कमीच धरते. मी हो म्हणालो. बायको म्हणत होती, “तुमी पोरायले मोजाले शिकवलं अन् सोताचं झाड मोजत नाई? मधल्या ओळीतली दोन झाडं तं पाहा.” मी पाहिली नाहीत. तोड झाली, गाड्या भरल्या, आणि कॅरेटचा हिशेब लावला तेव्हा चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास फळ निघाले. त्या माणसाने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने एक आकडा सांगितला आणि मी तो घेतला.

पुढच्या वर्षी मोजायला उतरलो तेव्हा कळले की संत्र्याचे झाड म्हणजे जिवंत कोडे आहे. पूर्वेकडून पाहिलेले फळ उत्तरेकडूनही दिसते. ते दोनदा धरले जाते. पानाआड आहे ते कुणीकडूनच दिसत नाही. चारी बाजूंनी फिरून मोजले तर दर वेळी वेगळा आकडा. शेवटी बाजू सोडल्या आणि खांद्या धरल्या. बुडापासून निघालेली एक खांदी घ्यायची, तिच्यावरची फळे मोजायची, तिला चुन्याचा ठिपका द्यायचा, दुसरीकडे जायचे. एक फळ एकाच खांदीला लागते. दर दहावे झाड, प्रत्येक ओळीतले, अशी एकवीस झाडे केली. दोन दिवस लागले, मान आखडली. पण आलेला आकडा माझा होता आणि तो कसा आला हे मला कुणालाही सांगता येत होते.

नजरेच्या अंदाजाचा सगळ्यात मोठा दाखला तर आमच्याच वाटेवरचा आहे. महाभारताच्या वनपर्वात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला विदर्भात निघालेला असतो, कुंडिनपुराला. तेच आमचे वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर. रथ हाकतो बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नल. वाटेत बेहड्याचे झाड दिसते आणि राजा धावत्या रथातून सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. बाहुक रथ थांबवतो. मी मोजून बघणार म्हणतो. राजा म्हणतो उशीर होईल. बाहुक म्हणतो, मग दुसरा सारथी घेऊन जा, रस्ता सरळ आहे. राजाचा नाइलाज होतो आणि तो फांदीचा एक भाग मोजून घे म्हणतो. बाहुक फळे मोजतो. आकडा जुळतो. (पाने तो मोजत नाही. पाच कोटींच्या ठिकाणी कथाकाराचा हात आमच्या दलालांसारखाच सैल सुटला असावा.)

ही गोष्ट लोक ऋतुपर्णाच्या नजरेसाठी सांगतात. मला ती बाहुकासाठी आवडते. समोर राजा आहे, स्वयंवर स्वतःच्याच बायकोचे आहे, घाई कुणाला असेल तर त्यालाच, आणि तरी तो रथाखाली उतरतो. आकडा जुळल्यावरही तो नुसता ‘वा’ म्हणून पुन्हा रथात बसत नाही. हे तुला कसे कळते ते मला शिकव, म्हणतो. बदल्यात घोड्यांची विद्या देऊ करतो, आणि राजाही शिकवतो. तयार नजरेच्या माणसाला ‘कसे’ विचारले की तो चिडायला हवा असे काही नाही. चिडला तर नजर किती तयार आहे याची शंका घ्यावी.

सरकारदरबारी तर या सवयीला नावच आहे: नजर अंदाज पैसेवारी, म्हणजे गावचे पीक रुपयाला किती पैसे आले याचा नजरेने केलेला अंदाज. सप्टेंबरअखेर ती जाहीर होते, मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, पंपाच्या वीजबिलात सवलत. वर गेली तर हात चोळत बसा. हिंदीत नजरअंदाज करणे म्हणजे दुर्लक्ष करणे, आणि अर्धे बोलणे हिंदीत करणाऱ्या आम्हा वऱ्हाडी लोकांना तो शब्द ऐकून दरवर्षी हसू येते. पण योग्य पद्धत सरकारलाही माहीत आहे. पीक कापणी प्रयोगात शेत नि त्यातला तुकडा चिठ्ठीसारख्या पद्धतीने निघतो, ठरल्या मापाची चौकट आखतात, तेवढेच कापून, मळून, वजन करतात. ऋतुपर्णाचा ‘फांदीचा एक भाग’ तो हाच. गावाने त्या चौकटीपाशी जाऊन उभे राहायला पाहिजे. प्रत्यक्षात आम्ही भांडतो ते शेजारच्या गावाची शेहेचाळीस आणि आपली बावन्न का, यावर. कोणत्या शेतात चौकट पडली, त्या दिवशी हजर कोण होते, हे विचारणारा दोन-चारांत एखादा. टपरीवर सोळा की चोवीस चालले होते, त्याहून हे वेगळे कुठे आहे?

“गुरुजी, टाइमपास हाय, कायले एवढं मनावर घेता?” असे भरतीवाला पोरगा म्हणालाच. टाइमपास आहे हे मान्य. अशी कोडी बंद करा असे मी म्हणत नाही, मला तर ती जास्त हवी आहेत. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर गोळेच रंगवायला लावावे लागणार, हेही मान्य. पण ते गोळे वर्षात एका दिवशी. उरलेले दिवस वर्ग आपला असतो, तिथे गोळे कोणी आणले? एक तास, एक आकृती. उत्तर सांगायचे नाही. पोरांनी आधी लिहायचे की आम्ही चौरस कशाला धरला, मग कोणत्या क्रमाने मोजले, आणि वही शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने त्याच वाटेने जाऊन बघायचे. वाट सापडली तर गुण, उत्तर चुकले असले तरी.

निवृत्तीनंतर शनिवारी मी हे करून बघतो. मागे नऊ चिंचोके तीन-तीनच्या ओळीत मांडले आणि विचारले, चार चिंचोके कोपरे धरून चौरस किती? आमचे मास्तर लोक पाच म्हणाले, चार लहान नि एक मोठा. चौथीतल्या एका पोराने मान खांद्याला टेकवून बघितले आणि विचारले, “गुरुजी, तिरपा धरू का?” बाजूंच्या मधले चार चिंचोके जोडले की सहावा चौरस होतो, पतंगासारखा उभा. त्याने उत्तर सांगायच्या आधी नियम विचारला. एवढ्यासाठी मी शनिवारी सायकल काढतो.

टपरीवरचा निकाल राहिला. मुलीने चाळीसचा कागद दाखवल्यावर सगळ्यांनी मान डोलावली, कंडक्टर काकाजींनी मात्र नाही. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि जाहीर केले, “एक्केचाळीस. ह्या फोटोच्या बाहीर काळी चौकट हाय, ते कोण धरन?”

“ते चौरस नाही, काकाजी. आयत आहे,” मुलगी म्हणाली.

“मोजून पाह्यलं का तू?”

ती घटकाभर थांबली, मग पट्टी आणायला आत गेली.